पदपथ-उतार

पदपथ-उतार म्हणजे पदपथ आणि वाहनांचा रस्ता यांच्या पातळीतील फरक ओलांडता यावा म्हणून पदपथाच्या कडेला केलेला लहान उतरता भाग होय. स्थापत्य अभियंते त्याला 'कर्ब रॅम्प' म्हणतात. अमेरिकेत 'कर्ब कट' आणि ब्रिटनमध्ये 'ड्रॉप्ड कर्ब' ही नावे रूढ आहेत. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला कोणाचीही मदत न घेता रस्ता ओलांडता यावा, हा त्याचा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात बाबागाडी ढकलणारे पालक, चाकांची बॅग ओढणारे प्रवासी, हातगाडीवाले, गुडघेदुखीने त्रस्त वृद्ध आणि सायकलस्वार हे सारेच त्याचा उपयोग करतात.

रचना दिसायला अगदी साधी असली, तरी सुरक्षित व सुगम वाहतुकीच्या अभ्यासात पदपथ-उताराइतका वादाचा विषय क्वचितच सापडेल. पदपथाची जी कड व्हीलचेअरला अडवते, तीच कड दृष्टिहीन व्यक्तीला 'येथे पदपथ संपला, पुढे वाहने आहेत' असे सांगत असते. कड काढून टाकली की एकाची वाट मोकळी होते आणि दुसऱ्याची सूचना हरवते. गेल्या सहा-सात दशकांतील संशोधनाचा मोठा भाग या पेचातून वाट काढण्यात खर्ची पडला आहे.

उताराचे गणित

बहुतेक देशांच्या मानकांत पदपथ-उताराचे कमाल प्रमाण १:१२ आहे. याचा अर्थ एक एकक उंची चढण्यासाठी किमान बारा एकके लांबी हवी. टक्केवारीत हा चढ सुमारे ८.३३ भरतो आणि कोनात पाच अंशांपेक्षा किंचित कमी. आकडा किरकोळ वाटतो. पण पदपथ १५ सेंटिमीटर उंच असेल, तर या प्रमाणाने उताराची लांबी १८० सेंटिमीटर होते. उताराच्या माथ्यावर व्हीलचेअर वळवण्यासाठी आणखी सव्वा ते दीड मीटर सपाट जागा लागते. म्हणजे पदपथ तीन मीटरहून अधिक रुंद असेल तेव्हाच असा सरळ उतार नियमाप्रमाणे बसतो. पदपथ ३० सेंटिमीटर उंच असेल, तर एकट्या उतारालाच ३.६ मीटर लागतात. अरुंद पदपथावर जागेत मावेल असा उतार करण्याचा मोह होतो आणि तो बहुधा घसरगुंडीसारखा होतो. असा उतार चढताना व्हीलचेअर मागे उलटण्याचा धोका असतो, तर उतरताना ती थेट रहदारीत शिरण्याचा.

जागा अपुरी असल्यास दोन पर्याय असतात. पहिल्यात पदपथाचा संपूर्ण रुंदीचा भाग दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली आणला जातो. दुसऱ्यात पदपथ आहे तेथेच राहतो आणि ओलांडण्याच्या जागी रस्ताच पदपथाच्या पातळीपर्यंत उचलला जातो. या उंच ओलांडणीमुळे वाहनांना वेग कमी करावा लागतो, हा तिचा अधिकचा लाभ होय. नेदरलँड्समध्ये मुख्य रस्त्यास मिळणाऱ्या अनेक लहान गल्ल्यांच्या तोंडाशी पदपथ आणि सायकलमार्ग अखंड ठेवलेले असतात. तेथे पातळी बदलावी लागते ती मोटारीला, चालणाऱ्याला नव्हे.

उताराचा पायथाही तितकाच महत्त्वाचा असतो. रस्त्याच्या कडेचा भाग पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून पदपथाकडे उतरता ठेवलेला असतो. उतरून आलेल्या व्हीलचेअरची पुढची छोटी चाके या उलट्या चढात अडकतात आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते. म्हणून अमेरिकी मानकांत पायथ्याशी येणारा उलटा चढ १:२० पेक्षा अधिक नसावा, असे बंधन आहे. पावसाळ्यात पाणी साचते तेही नेमके येथेच. पाण्याची जाळी उताराच्या समोर न बसवता चढाच्या बाजूला, थोडी अलीकडे बसवावी, ही साधी गोष्टही वारंवार दुर्लक्षिली जाते.

इतिहास

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या कॅलामझू या शहरात १९४५ मध्ये पदपथाचे काही कोपरे उतरते करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना कामावर ये-जा करता यावी, हा त्यामागील उद्देश होता. त्यासाठी पाठपुरावा करणारे वकील जॅक फिशर हे स्वतः अपंगत्व आलेले माजी सैनिक होते.

याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजेंट यांनी दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यांच्या देखरेखीखाली उतार, दरवाजे, जिने यांबाबत झालेल्या प्रयोगांतून १९६१ मध्ये 'ए११७.१' हे अमेरिकेचे पहिले सुगम्यता-मानक तयार झाले. १:१२ हे प्रमाण त्यात होते आणि पुढे ते जगभर पसरले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ज्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावर ही मोजमापे आधारली होती, ते तरुण होते आणि हातांनी व्हीलचेअर चालवणारे होते. वयस्क व्यक्ती किंवा हातांत पुरेसे बळ नसलेली व्यक्ती लांब अंतरावर तोच चढ चढू शकेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही. बफेलो विद्यापीठात एडवर्ड स्टाइनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केलेल्या मोजणीतही, विजेवर चालणाऱ्या आजच्या अनेक व्हीलचेअरना जुन्या मानकांत गृहीत धरलेली जागा अपुरी पडते, असे दिसून आले. १:१२ ही सोयीची पातळी नसून सहन होण्याची कमाल मर्यादा आहे, असेच त्याकडे पाहणे योग्य ठरते.

पदपथ-उताराला नागरी हक्काचे रूप मिळाले ते कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात. पोलिओमुळे मानेखालील शरीर जवळजवळ निकामी झालेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये तेथील विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहात त्यांच्या श्वसनयंत्राची सोय होऊ शकत नसल्यामुळे ते विद्यापीठाच्या रुग्णालयात राहत. त्यांच्यापाठोपाठ आलेल्या विद्यार्थ्यांनी 'रोलिंग क्वाड्स' नावाचा गट स्थापला आणि शहराकडे उतारांची मागणी लावून धरली. बर्कलीच्या नगर परिषदेने सप्टेंबर १९७१ मध्ये ठराव करून व्यापारी भागांतील रस्ते व पदपथ अपंग व्यक्तींना वापरता येतील असे बांधण्याचे धोरण स्वीकारले. कार्यकर्त्यांनी रात्री सिमेंटची पोती घेऊन स्वतःच उतार केल्याच्या कथाही सांगितल्या जातात. त्यांतील दंतकथेचा अंश वगळला, तरी त्या काळच्या अस्वस्थतेची कल्पना त्यांतून येते.

१९७३ चा पुनर्वसन कायदा आणि १९९० चा 'अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज ॲक्ट' यांनी ही सोय देशभर बंधनकारक केली. त्यानंतर 'किनी विरुद्ध येरुसालिम' या १९९३ मधील निकालाने महत्त्वाचा पायंडा पाडला. फिलाडेल्फियामधील रस्त्यावर नव्याने डांबर टाकणे ही केवळ देखभाल नसून रस्त्यात केलेला बदल आहे आणि म्हणून त्याबरोबर पदपथ-उतार करणेही आवश्यक आहे, असे न्यायालयाने ठरवले. पुढे रस्तादुरुस्तीच्या खर्चातच उताराचा खर्च धरणे शहरांना भाग पडले.

दिव्यांगांसाठी केलेल्या सोयीचा लाभ सर्वांनाच होतो, या अनुभवाला पुढे 'कर्ब-कट इफेक्ट' असे नाव पडले. अँजेला ग्लोव्हर ब्लॅकवेल यांच्या २०१७ मधील याच शीर्षकाच्या लेखाने ही संज्ञा समाजधोरणाच्या चर्चेतही रुजवली. फ्लोरिडातील सॅरासोटा येथील एका पाहणीचा त्यात उल्लेख आहे. हातात ओझे नसलेल्या दहांपैकी नऊ पादचाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून उताराचा वापर केल्याचे त्या पाहणीत आढळले होते. मात्र 'सर्वांनाच लाभ होतो' हे विधान जसेच्या तसे खरे नाही. एका वर्गाचा अनुभव अगदी वेगळा होता.

दृष्टिहीन पादचारी आणि हरवलेली कड

पांढरी काठी घेऊन चालणारी व्यक्ती काठीच्या टोकाने पुढच्या जमिनीचा अंदाज घेते. पदपथाची कड आली की काठी एकदम खाली उतरते आणि व्यक्ती थांबते. तेथे सौम्य उतार असेल, तर हा इशारा मिळत नाही. उतार जितका सौम्य, तितका तो व्हीलचेअरला सोयीचा आणि पायाला न जाणवणारा. बीझी बेंटझन आणि जेनेट बारलो या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० च्या दशकात अनेक शहरांत अंध व्यक्तींना त्यांच्या अपरिचित चौकांतून चालावयास सांगून निरीक्षणे केली. अनुभवी आणि एकट्याने फिरणाऱ्या अंध व्यक्तींनाही, उतार असलेल्या ठिकाणी रस्ता सुरू झाल्याचे लक्षणीय प्रमाणात कळले नाही. त्यांचे पाऊल थेट रस्त्यावर पडले.

या प्रश्नाचे एक उत्तर जपानमध्ये आधीच शोधले गेले होते. ओकायामा शहरात निवासगृह चालवणारे सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये, दृष्टी गमावत चाललेल्या मित्राच्या गरजेतून, उंचवटे असलेली फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामातील अंधशाळेजवळच्या रस्त्याच्या ओलांडणीवर ती प्रथम बसवण्यात आली. पुढे तिचे दोन प्रकार रूढ झाले. गोल उंचवट्यांची फरशी 'थांबा, सावध व्हा' असे सांगते, तर लांबट पट्ट्यांची फरशी चालण्याची दिशा दाखवते. जपानच्या २००१ च्या मानकानुसार हे उंचवटे ५ मिलिमीटर उंच असतात. २०१२ मध्ये या विषयावर 'आयएसओ २३५९९' हे आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. भारतातील मेट्रो स्थानकांवर दिसणाऱ्या पिवळ्या फरशा याच वंशातील आहेत.

अमेरिकेत अशा फरशीची अट १९९१ च्या नियमांत घालण्यात आली खरी, परंतु पदपथ-उतारांपुरती ती १९९४ ते २००१ या काळात स्थगित राहिली. उंचवट्यांमुळे व्हीलचेअरला हादरे बसतील, कुबड्या वापरणाऱ्यांचे पाय अडखळतील, अशा शंका घेतल्या गेल्या होत्या. या शंका निराधार नव्हत्या. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या व्यक्तीला असे हादरे त्रासदायक ठरू शकतात. अखेर तडजोड म्हणून फरशीचा पट्टा सर्व उतारावर न घालता केवळ पायथ्याशी, सुमारे ६० सेंटिमीटर रुंदीचा ठेवण्यात आला. चालत्या माणसाला पायाखालचा बदल जाणवून रस्त्याआधी थांबता यावे, एवढी ही रुंदी आहे.

जपानने आणखी एक सूक्ष्म तडजोड केली. ओलांडणीच्या जागी पदपथ व रस्ता यांच्यात पूर्ण सपाटी न ठेवता दोन सेंटिमीटरची कड ठेवणे हे तेथील प्रमाण मानले गेले. व्हीलचेअर ती कशीबशी पार करू शकते आणि काठीला ती जाणवते. या दोन सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंचे पूर्ण समाधान कधीच झाले नाही. तरीही दोन्ही गटांना समोरासमोर बसवून, मोजून-मापून काढलेला हा आकडा असल्यामुळे त्याला वेगळे महत्त्व आहे.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहिला. नेदरलँड्सचे वाहतूक अभियंते हान्स मॉन्डरमन यांच्या विचारांच्या प्रभावाखाली अनेक शहरांनी पदपथ व रस्ता एकाच पातळीवर आणून 'सामायिक रस्ते' तयार केले. कड आणि खुणा नसतील, तर वाहनचालक आपोआप सावध होतील व पादचाऱ्यांच्या नजरेला नजर भिडवून मार्ग काढतील, अशी त्यामागील कल्पना होती. ज्याला नजरच नाही त्याने काय करावे, याचे उत्तर तिच्यात नव्हते. लंडनमधील एक्झिबिशन रोडच्या पुनर्रचनेवरून अंधांच्या संस्थांनी मोठा विरोध नोंदवला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या प्रयोगशाळेत, पदपथाची हुबेहूब प्रतिकृती उभारून, कडेची उंची बदलत चाचण्या घेण्यात आल्या. २००९ च्या त्या अभ्यासानुसार ६० मिलिमीटर किंवा त्याहून उंच कड दृष्टिहीन व्यक्तींना खात्रीने ओळखता येते; त्याहून कमी उंचीची कड भरवशाची नसते. ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये सपाट सामायिक रस्त्यांच्या नव्या योजना थांबवण्याची सूचना स्थानिक संस्थांना केली.

सायकलस्वार

सायकलसाठी कड हा वेगळ्याच प्रकारचा धोका असतो. चाक कडेला तिरके लागले की ते कडेवर चढत नाही, घासत जाते आणि सायकलस्वार आडवा पडतो. त्यामुळे नेदरलँड्समध्ये सायकलमार्गाच्या कडेला उभ्या कडेऐवजी तिरप्या पृष्ठाचे दगड वापरले जातात. त्यांच्यावर चाक गेले, तरी तोल सावरता येतो. मात्र तिरपी, बुटकी कड दृष्टिहीन व्यक्तीला सहज जाणवत नाही आणि ती नकळत सायकलमार्गावर जाऊ शकते. सायकलचा आवाज होत नसल्याने ही चूक तिच्या लक्षात येण्यासही उशीर होतो.

पदपथ व सायकलमार्ग शेजारी आणि एकाच पातळीवर असतील, तर ब्रिटनमध्ये दोहोंच्या मध्ये १२ ते २० मिलिमीटर उंचीची, उतरत्या बाजूंची पट्टी घालतात. मार्गाच्या सुरुवातीला पादचाऱ्यांच्या बाजूला शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे उंचवटे असतात आणि सायकलच्या बाजूला रुळांसारखे उभे. आडव्या उंचवट्यांवरून सायकल चालवणे नकोसे वाटते. त्यामुळे सायकलस्वार आपोआप आपल्या बाजूला राहतो. बसथांब्यामागून सायकलमार्ग नेण्याच्या पद्धतीवर अद्याप एकमत नाही. बसमागून वेगाने येणाऱ्या मोटारींपासून सायकलस्वार वाचतो, पण बसपर्यंत पोहोचण्यासाठी अंध प्रवाशाला सायकलमार्ग ओलांडावा लागतो.

भारतातील स्थिती

भारतीय रस्ते काँग्रेसच्या 'आयआरसी १०३' या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेच्या २०१२ च्या आवृत्तीत पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी अडथळ्याविना मोकळी असावी, असे म्हटले आहे. केंद्र सरकारची सुगम्य भारत मोहीम ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात, सुगम्यतेच्या मानकांना केवळ मार्गदर्शनाचे स्वरूप देणारा २०१७ च्या नियमांतील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला व बंधनकारक नियम करण्याचे निर्देश केंद्राला दिले. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे नमूद केले.

कागदावरील मानके पुष्कळ अंशी जगातील इतर देशांशी मिळतीजुळती आहेत. अडचणी मात्र येथल्या आहेत. रस्त्याची उंची प्रत्येक डांबरीकरणाने बदलते, त्यामुळे एकदा केलेला उतार काही वर्षांत जुळेनासा होतो. स्पर्शाने ओळखायच्या फरशा अनेकदा सजावट समजून बसवल्या जातात. त्या विजेच्या खांबापाशी जाऊन थांबतात, झाडाच्या आळ्यात संपतात किंवा दिशादर्शक पट्ट्यांच्या जागी गोल उंचवट्यांच्या फरशा लावलेल्या असतात. चुकीची फरशी नसलेल्या फरशीपेक्षा घातक असते; कारण ती विश्वास निर्माण करते. पदपथावरून प्रत्येक इमारतीत मोटार जावी म्हणून पदपथ जागोजागी खाली-वर केलेला असतो आणि तेथे चालणाऱ्याला दर वीस-पंचवीस पावलांवर चढ-उतार करावा लागतो. हे उतार मोटारीसाठी असतात. त्यांना पदपथ-उतार म्हणता येत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न दुचाकींचा आहे. उतार केला की गर्दीच्या वेळी त्यावरून दुचाकी पदपथावर चढतात. त्या रोखण्यासाठी पदपथाच्या तोंडाशी खांब रोवले जातात, ज्यांना बोलार्ड म्हणतात. मुंबईत अशा खांबांमुळे व्हीलचेअर पदपथावर नेता येत नसल्याची बाब समोर आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून तिची दखल घेतली. व्हीलचेअर साधारणतः ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते. स्कूटरची रुंदीही आरशांशिवाय जवळजवळ तेवढीच भरते. त्यामुळे व्हीलचेअर जाऊ देणारे आणि स्कूटर अडवणारे अंतर खांबांत ठेवणे भूमितीच्या दृष्टीनेच शक्य नाही. व्हीलचेअरसाठी खांबांमध्ये किमान ९० सेंटिमीटरचे मोकळे अंतर लागते आणि तेवढ्यातून स्कूटरही सुखाने जाते. नागमोडी कठडे किंवा फिरती फाटके लावून पाहिली, तरी ती अडवतात ती व्हीलचेअरच. दुचाकीस्वार चाक उचलून पलीकडे जातो.

या कारणाने दुचाकींना रोखण्याचे काम खांबांऐवजी वाहतूक पोलिसांच्या दंडावर आणि कॅमेऱ्यांवर सोपवावे, असे मत मांडले जाते. दुसरा पर्याय गल्लीच्या तोंडाशी पदपथ अखंड ठेवून रस्ता उचलण्याचा आहे. त्यात उताराची गरजच उरत नाही. मात्र दृष्टिहीन व्यक्तीला गल्ली सुरू झाल्याचे कळावे म्हणून उंचवट्यांच्या फरशीचा पट्टा दोन्ही बाजूंना अनिवार्यपणे घालावा लागतो.